कृती तीच, जेल मात्र रोज वेगळं: लहान रेणूंच्या हायड्रोजेलचं दुखणं कुठे शोधायचं

परवा परत तोच प्रश्न आला. "मॅडम, सोमवारी बाटली पालथी केली तरी जागचं हललं नव्हतं. आज नुसती तिरकी केली तर ओघळतंय. सगळं तस्संच केलंय हो."

गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत मी गेली नऊ वर्षं लहान रेणूंची हायड्रोजेल बनवते. ही तक्रार मी इतक्या मुलामुलींकडून ऐकली आहे आणि तिचा माग इतक्या वेळा काढला आहे, की आता ती एकदाची नीट लिहून ठेवते. कृती तीच असूनही जेलची ताकद रोज बदलते, तेव्हा कुठून बघायला सुरुवात करायची आणि कुठे हात जोडून थांबायचं, एवढाच या लेखाचा विषय.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चायना ग्रास किंवा जिलेटीनची जेली लागते ती लांबलचक साखळ्यांच्या रेणूंमुळे. आपल्या जेलमध्ये तशा साखळ्या नसतात. एफमॉक-डायफिनाइलअॅलनिनचंच बघा. दोन अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड आणि टोकाला एफमॉक नावाचा गट. यापुढे मी त्याला एफमॉक-एफएफ म्हणेन. याचा रेणुभार जेमतेम ५३४.६. हे छोटे रेणू हायड्रोजन बंधांनी आणि एकमेकांवर रचल्या जाणाऱ्या वलयांच्या आधाराने आपसूक ओळीने लागतात आणि काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडीचे, पण कित्येक मायक्रोमीटर लांबीचे तंतू तयार होतात. तंतू एकमेकांत गुंततात, त्यांना फांद्या फुटतात, आणि त्या जाळ्यात पाणी अडकतं. मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम रेणू घेतले, तर बाटलीत साडेनव्व्याण्णव टक्के पाणीच असतं. तरी ते उभं राहतं.

या जाळ्यात रेणूला रेणू पक्क्या रासायनिक बंधाने बांधलेला नसतो. म्हणून ते कसं विणलं गेलं, किती वेगाने, किती तापमानाला, किती हलवाहलवीत, यावर त्याची ताकद ठरते. दूध तेच, पण लिंबू पिळलं तर फाटतं आणि विरजण लावलं तर दही लागतं. दोन्हीकडे आंबटपणाच काम करतो, फरक वेगाचा. पुढचं सगळं वाचताना ही एक गोष्ट मनात ठेवा.

लक्षणं

आधी तुमचं दुखणं यातलं कुठलं, ते ठरवा. कारण दोन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध चालत नाही.

- जेल लागतच नाही, किंवा वरून पातळ आणि तळाशी घट्ट.
- जेल लागतं, पण आत पांढऱ्या गुठळ्या, रेघा, ढग दिसतात. तीन बाटल्या शेजारी ठेवल्या तर तिन्ही वेगळ्या.
- डोळ्यांना सारखंच दिसतं, पण ऱ्हिओमीटरवर, म्हणजे जेल दोन प्लेटांमध्ये धरून पिळून बघणाऱ्या यंत्रावर, स्टोरेज मॉड्युलस (जी प्राइम, जेलच्या ताठपणाचा आकडा) एका दिवशी दुसऱ्या दिवसाच्या कितीतरी पट.
- दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दह्यासारखं पाणी सुटतं आणि जेल काचेपासून आक्रसून घेतं.
- काही दिवसांनी सुयांसारखे स्फटिक दिसू लागतात.

बाटली पालथी करून बघण्याची चाचणी सगळेच करतात. करा, फुकट आहे. पण ती एवढंच सांगते, की जेल स्वतःचं वजन पेलतंय. काहीशे पास्कलचं जेलही त्यात पास होतं आणि काही दशक हजार पास्कलचंही. "पालथं केलं, पडलं नाही, म्हणजे कालच्यासारखंच" हा निष्कर्ष त्यातून काढू नका.

सगळ्यात आधी: वही आणि जागा

याला पैसा लागत नाही. वहीत खोलीचं तापमान, हवेतली आर्द्रता, मिसळल्याची वेळ आणि मोजल्याची वेळ लिहिली आहे का? माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी बहुतेकांच्या वहीत रेणूचं वजन तिसऱ्या दशांशापर्यंत असतं आणि वेळ मात्र "संध्याकाळी".

वेळ एवढी महत्त्वाची का? कारण हे जेल लागल्यावरही पुढे तासन्‌तास बदलत राहतं. तंतू जाडावतात, एकमेकांना चिकटतात. चार तासांचं जेल आणि चोवीस तासांचं जेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक तास ठरवा आणि सगळी मापं त्याच तासाला घ्या.

मग जागा. जेल लागत असताना बाटली कुठे ठेवली होती? फ्रिजवर ठेवली असेल, तर कंप्रेसर दर थोड्या वेळाने तिला हादरे देत होता. स्टररच्या शेजारी ठेवली असेल तर तेच. आणि सगळ्यात जास्त नुकसान करते ती उत्सुकता: दर दहा मिनिटांनी बाटली उचलायची, तिरकी करायची, लागलं का बघायचं. विरजण लावलेलं भांडं घरात कुणी हलवू देत नाही, ते का? अर्धवट जुळलेलं जाळं एकदा मोडलं की ते पुन्हा तसं सांधत नाही. या तंतूंच्या जेलांचं तेच आहे. बरीचशी एकदा मोडली की जुनी ताकद परत मिळवत नाहीत. बाटल्या लाकडी फळीवर, थर्मोकोलच्या खाचेत ठेवा आणि ठरल्या वेळेपर्यंत हात लावू नका. मुलांनी केवळ एवढंच पाळलं आणि दुखणं गेलं, असं मी कितीदा तरी पाहिलं आहे.

ग्लुकोनोलॅक्टोनचा डबा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे. गोव्यात निम्म्याहून जास्त वेळा चोर इथेच सापडतो.

आम्ही रेणू आधी क्षारात, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात, विरघळवतो आणि मग ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन घालून पीएच हळूहळू खाली आणतो. प्रयोगशाळेत सगळे त्याला जीडीएल म्हणतात. टोफू लावायला वापरतात तीच ही पांढरी पूड. २००९ च्या सुमारास लहान रेणूंच्या जेलांसाठी ही पद्धत रुळली, त्याचं कारण सरळ आहे. थेट हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं, तर थेंब पडतो तिथे लगेच गुठळी होते आणि बाकीचं द्रव तसंच राहतं. जीडीएल पाण्यात पटकन विरघळतं, पण त्याचं ग्लुकॉनिक ॲसिड व्हायला तास लागतात. म्हणजे ॲसिड सगळ्या बाटलीभर एकाच वेळी, आतून तयार होतं. लिंबू आणि विरजणाचाच फरक.

आता मिरग लागल्यानंतरची आपली हवा आठवा. जुलैत आमच्या खिडकीजवळचा आर्द्रतामापक नव्वदीच्या आसपास रेंगाळतो. डब्याचं झाकण दिवसातून चार वेळा उघडतं. जीडीएल ओल धरतं आणि त्यातलं थोडं थोडं डब्यातच ग्लुकॉनिक ॲसिड होऊन बसतं. अशी पूड बाटलीत पडली की काही ॲसिड पहिल्याच क्षणी मिळतं. पीएच सुरुवातीला धाडकन उतरतो, तळाशी तंतूंचा एक गठ्ठा आधी जमतो आणि उरलेलं जेल त्याच्यावर सावकाश लागतं. वरून पातळ, तळाशी घट्ट.

फसवणारी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी पीएच मोजला तर तो जवळजवळ नेहमीसारखाच येतो. कारण ॲसिड आधी झालं काय किंवा नंतर झालं काय, शेवटचा हिशेब साधारण तोच. म्हणून कुणाला पुडीचा संशयच येत नाही. शेवट तोच असतो, वाट बदललेली असते.

एका चवथीनंतरची गोष्ट. प्रयोगशाळा आठवडाभर बंद, एसी बंद. सुट्टीवरून डिचोलीची एक मुलगी परतली आणि तिचं एकही जेल धड लागेना. दोन आठवडे ती नवनवा रेणू तोलत होती, रडकुंडीला आली होती. मी विचारलं, "जीडीएलचा डबा कधी उघडलास गो?" म्हणाली, "एप्रिलात." डबा आणायला सांगितला. स्पॅचुला आत घातला तर पूड भुरभुरली नाही. कडेला एक पापुद्रा धरला होता, खाली शाबुदाण्याएवढे खडे, आणि स्पॅचुलाला चिकटून थोडी पूड वर आली. नवा डबा फोडला, त्याच दिवशी दोन्ही पुडींनी शेजारी शेजारी तीन-तीन बाटल्या लावल्या. नव्या डब्याच्या तिन्ही काचेसारख्या एकसंध. जुन्याच्या तिन्ही ढगाळ.

तुम्हीही तपासा. जुनी आणि नवी पूड सारख्याच वजनाने सारख्याच पाण्यात टाका आणि पहिल्या मिनिटाला आणि दहाव्या मिनिटाला पीएच बघा. जुनी पहिल्याच मिनिटाला बरीच खाली असेल तर ती फेकून द्या. नवा डबा आला की तो लहान लहान बाटल्यांमध्ये वाटा, झाकणावर पॅराफिल्म लावा, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा, एका वेळी एकच बाटली उघडा. डेसिकेटरमधलं सिलिका निळं आहे ना, तेही बघा. गुलाबी झालं असेल तर तो डेसिकेटर नुसतंच कपाट आहे.

आणि जीडीएल आधी पाण्यात विरघळवून "स्टॉक" करून ठेवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. त्या स्टॉकमधलं जीडीएल तासागणिक ॲसिड होत जातं. कोरडी पूड वजन करून बाटलीत घ्या, तिच्यावर रेणूचं द्रावण ओता, हलकेच फिरवा आणि ठेवून द्या.

खोलीचं तापमानही याच हिशेबात येतं. जीडीएलचं विघटन उष्णतेने वेगावतं. मे महिन्यात वीज गेली, एसी बंद पडला, खोली ३२ अंशांवर गेली, की २५ अंशांवरची वाट उरत नाही. पाण्याचं साधं उष्णतानियंत्रित टब असेल तर बाटल्या त्यात लावा. नसेल तर थर्मोकोलच्या मासळीच्या पेटीत, पाण्याच्या बाटल्यांच्या मधोमध. स्वस्त आहे, आणि तापमान बरंच धरून ठेवतं.

कॉस्टिकची पापडी आणि पीएच मीटर

सोडियम हायड्रॉक्साइडची एक गोळी पावसाळ्यात बटर पेपरवर ठेवा आणि बघत राहा. मिनिटाभरात तिला घाम फुटतो, खाली ओला ठिपका पडतो. तुम्ही जे तोलता त्यात पाणी किती आणि क्षार किती, काही भरवसा नाही. शिवाय तिने हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढलेला असतो.

याने बिघडतं ते असं. मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमचं, २ मिलिलिटर एफमॉक-एफएफ घेतलं, तर रेणूइतकाच क्षार द्यायला ०.१ मोलरचं द्रावण १८७ मायक्रोलिटर लागतं. द्रावण प्रत्यक्षात कमी ताकदीचं असेल तर थोडा रेणू विरघळतच नाही. ते बारीक कण नंतर स्वतःभोवती तंतू जमवतात आणि गुठळ्या होतात. घाबरून जास्त क्षार ओतला तर दुसरंच संकट: एफमॉक गट क्षारात सुटतो. रेणूच तुटला तर जेल कशाचं लागणार? द्रावण त्याच दिवशी वापरा, रात्रभर ठेवू नका.

द्रावणाची खरी ताकद कळायला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरा. सुकवलेलं ०.२०४२ ग्रॅम म्हणजे एक मिलिमोल, ०.१ मोलरचा क्षार असेल तर फिनॉल्फ्थॅलिन १० मिलिलिटरला गुलाबी व्हायला हवं. बारावीत केलेलं टायट्रेशनच आहे हे. अर्ध्या तासाचं काम.

पीएच मीटरचं दुखणं वेगळं. जेल लागत असताना इलेक्ट्रोड आत ठेवला असेल तर त्याच्या काचेच्या फुग्यावर जेलचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि मीटर सुस्तावतो. आकडा स्थिर व्हायला मिनिटं घेतो. रेणू क्षारात विरघळतो, म्हणून इलेक्ट्रोड विरल क्षारात थोडा वेळ बुडवा, धुवा आणि ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवून जाऊ नका. ४, ७ आणि १० या तिन्ही बफरांवर लावून घ्या, नुसत्या ४ आणि ७ वर नको.

१० चा बफर का, तर या रेणूंची आम्लता पुस्तकी हिशेबाने वागत नाही. एफमॉक-एफएफवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की एरवी ३.५ च्या आसपास अपेक्षित असलेला पीकेए (ज्या पीएचला रेणूचा आम्लगट अर्धा सुटतो तो आकडा) रेणू एकत्र रचले गेल्यामुळे सुमारे ६.४ आणि २.२ एककांनी वर सरकतो, म्हणजे एक बदल पीएच १० च्या जवळ आणि दुसरा ६ च्या थोडा खाली. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जीडीएल घालण्याआधीच, जे पारदर्शक द्रावण तुम्ही "तयार" म्हणून बाजूला ठेवता त्यात, पीएच १०.२ आहे की १०.८ यावर रचना ठरू लागलेली असते. सुरुवातीचा पीएच न लिहिणं म्हणजे विणकामाचे पहिले टाके न मोजणं.

मोजायच्या जेलमध्ये इलेक्ट्रोड खुपसू नका. पीएचसाठी एक जुळी बाटली वेगळी लावा.

पाणी, काच, वजन

पाणी डीआयनाइज्डच हवं आणि त्याच दिवशीचं. कॅल्शियम या कुटुंबातल्या काही रेणूंना उच्च पीएचलाच बांधून जेल करतं. २०११ मध्ये डायपेप्टाइडांच्या बाबतीत ते दाखवलं गेलं आहे. तेव्हा द्रावण आधीच घट्टसर वाटलं तर पाण्याकडे बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं हे आपल्याला माहीत आहे, आणि शुद्धीकरणाचं काडतूस संपत आलेलं असेल तर ती खार थेट तुमच्या बाटलीत येते. काचेला साबण राहू देऊ नका. साबणाचे रेणूही रचना करणारेच असतात, ते आपल्या रेणूंमध्ये शिरतात.

वजन मात्र नीट समजून घ्या. अशा तंतूंच्या जाळ्याची ताकद प्रमाणाच्या साधारण दुसऱ्या ते अडीचव्या घाताने वाढते. १० मिलिग्रॅम तोलताना काटा १ मिलिग्रॅमपर्यंतच अचूक असेल, तर वजनातली १० टक्के चूक मॉड्युलसमध्ये २१ ते २७ टक्के होऊन बाहेर पडते. "दोन दिवसांत पाव फरक आला" म्हणून लोक रेणूच्या रचनेत कारण शोधत बसतात आणि कारण काट्यात असतं. ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा काटा घ्या, पंखा बंद करा, आणि शक्यतो एकच मोठं द्रावण करून त्यातून सगळ्या बाटल्या भरा.

डीएमएसओने लावत असाल तर

ही वाट झटपट आहे आणि म्हणूनच जास्त हट्टी. रेणू डीएमएसओ या द्रावकात विरघळवून पाणी घातलं की एफमॉक-एफएफ आधी दुधासारखं पांढरं होतं आणि काही मिनिटांत हळूहळू पारदर्शक होत जातं. त्या पांढऱ्या क्षणी घाबरून पुन्हा ढवळलं की संपलं. पाणी एकदम घातलं की थेंबाथेंबाने, पिपेटचा वेग किती, हे सगळं जाळ्यात उतरतं. या वाटेने बहुधा तंतू एकेका केंद्रातून चहूकडे फुटतात आणि गोल गोल गठ्ठे एकमेकांना टेकून उभे राहतात. जीडीएलच्या वाटेने एकसारखं पसरलेलं जाळं मिळतं. म्हणून दोन्ही वाटांच्या जेलांचे आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवून तुलना करू नका, रेणू तोच असला तरी.

डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं. एसी १८ वर ठेवणाऱ्यांनी बाटलीच्या तळाशी खडे बघितले असतील. पूर्ण वितळवून, हलवून मगच घ्या. तेही ओल धरतं, झाकण उघडं ठेवू नका.

ऱ्हिओमीटरवर: जेल बिघडलंय की मोजणं?

इथवर सगळं ठीक असेल आणि बाटल्या डोळ्यांना सारख्या दिसत असतील, तर यंत्राकडे चला. यंत्र महाग आहे, पण चूक बहुतेक वेळा ते वापरण्यात असते.

स्पॅचुलाने जेल उचलून प्लेटवर ठेवलं, वरची प्लेट दाबली. त्या क्षणी काय झालं ते जवळून बघा: खरवसाची वडी मोडावी तसं जेल कडेने फाटतं, फटीतून पाणी सुटतं आणि प्लेट त्या पाण्यावर टेकते. मग तुम्ही जेल मोजत नसता, जेलचे तुकडे आणि त्यांच्यामधलं पाणी मोजत असता. जिलेटीन हे सहन करतं, कारण ते पुष्कळ ताणलं जातं. आपले तंतू ताठ असतात. काही टक्के ताणालाच जाळं तुटायला लागतं.

उपाय दोन. पाती असलेला व्हेन मिळत असेल तर जेल ज्या बाटलीत लागलं तिथेच तो अलगद उतरवा. जेल जागेवरून हलतच नाही. नाहीतर द्रावण जीडीएल घालून लगेच खालच्या प्लेटवर ओता, वरची प्लेट आणून ठेवा आणि जेल तिथेच लागू द्या. कडेला पातळ तेलाचा थर द्या, नाहीतर एसीच्या कोरड्या हवेत कड वाळते आणि जी प्राइम उगीचच चढत जातो.

मग क्रम. आधी एका वेगळ्या नमुन्यावर ताण वाढवत न्या आणि जी प्राइम कुठवर सपाट राहतो ते बघा. पुढची सगळी मापं त्या सपाट भागात, ०.५ टक्क्यांसारख्या लहान ताणावर. फ्रिक्वेन्सी बदलून बघितली तर खऱ्या जेलचा जी प्राइम जवळजवळ आडवा राहतो आणि जी डबल प्राइमच्या, म्हणजे द्रवासारखं वाहण्याच्या मापाच्या, साधारण दहापट असतो. दोन्ही जवळ आले असतील, तर जाळं कच्चं आहे किंवा तुम्ही ते मोडलं आहे.

प्लेट घसरते आहे का, हे शोधायची स्वस्त युक्ती: बारीक सँडपेपर दुहेरी टेपने दोन्ही प्लेटांवर चिकटवा, शून्य अंतर पुन्हा लावा आणि तेच जेल मोजा. आकडा बराच वर गेला, तर आधीचा आकडा घसरणीचा होता.

शेवटी, ठरलेल्या चिकटपणाचं प्रमाणित सिलिकॉन तेल मोजा. तेलाचा आकडा बरोबर आला तर यंत्र निर्दोष. तेलाचाच आकडा चुकला तर इथे थांबा आणि कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. यातली दांडी हवेच्या गादीवर तरंगते. त्या हवेत कंप्रेसरचं पाणी किंवा तेल गेलं की ती खराब होते, आणि आपल्या दमट हवेत कंप्रेसरच्या टाकीत पाणी किती साचतं ते रोज सकाळी नळ सोडून बघा. तेवढंच आपलं काम. हवा बंद असताना दांडी हाताने फिरवू नका, झाकण उघडू नका, "जरा साफ करून बघतो" म्हणू नका. ती दुरुस्ती घरची नव्हे.

रेणूची नवी बाटली

सगळं झालं, तरी जेल रुसलेलंच. आता बाटलीवरचा लॉट नंबर बघा. जुन्या लॉटचं चिमूटभर राखून ठेवलं असेल तर तुम्ही जिंकलात: त्याच दिवशी, त्याच क्षाराने, त्याच जीडीएलने दोन्ही लॉट शेजारी लावा. जुना नीट लागला आणि नवा नाही, तर दोष पुडीत आहे, आणि ते आता पुराव्याने सांगता येतं. म्हणून प्रत्येक लॉटमधलं ५० मिलिग्रॅम कायम बाजूला ठेवा.

पेप्टाइड बनवताना वापरलेल्या ट्रायफ्लुओरोॲसिटिक ॲसिडचा अंश राहिला, तर तो तुमचा क्षार खातो. मीठ राहिलं, तर तुम्ही तोललेल्या १० मिलिग्रॅममध्ये रेणू कमी असतो. थोड्या प्रमाणातला दुसरा रेणूही तंतूच्या वाढीत शिरून त्याला फांद्या फोडू शकतो किंवा थांबवू शकतो. टीएलसीची (पातळ थरावर घटक वेगळे करणारी) पट्टी २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली बघा, एफमॉक गट तिथे डाग दाखवतो. दोन डाग दिसले तर पुढे घरगुती शुद्धीकरणाच्या फंदात पडू नका. इथेही थांबायचं: एचपीएलसी आणि एनएमआर या शुद्धता आणि रचना तपासणाऱ्या चाचण्या करणाऱ्या संश्लेषणाच्या माणसाकडे दोन्ही लॉट द्या. महिनाभर स्वतः स्फटिक काढत बसून शेवटी त्याच्याकडेच गेलेले मी पाहिले आहेत.

सुयांसारख्या स्फटिकांबद्दल वेगळं सांगते. यात बहुधा तुमची चूक नसते. जेल ही बऱ्याच रेणूंची वाटेतली मुक्कामाची जागा असते, शेवटचा मुक्काम स्फटिक. किती दिवसांनी दिसले ते लिहा, त्या मुदतीच्या आत मोजा. स्फटिक सुंदर आला म्हणून त्याची रचना हीच तंतूचीही रचना, असं मात्र धरून चालू नका. दोन्हीत रेणूंची मांडणी वेगळी असू शकते.

जाळं बघायचंच असेल तर

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन आडवे-उभे पोलरायझर लावून गोल गठ्ठे आहेत का, हे कुठल्याही महाविद्यालयात बघता येतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी जेल वाळवावं लागतं आणि वाळताना तंतू एकमेकांना चिकटून जाड दोरखंड दिसू लागतात. तो फोटो देखणा असतो, पण ओल्या जेलची ती जाडी नव्हे. खरी जाडी हवी असेल तर क्रायो-टीईएम (नमुना झटकन गोठवून बघणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), लहान कोनाचं एक्स-किरण विकिरण किंवा न्यूट्रॉन विकिरण लागतं. न्यूट्रॉनसाठी आपल्या देशात तुर्भ्याची ध्रुव अणुभट्टी आहे, एक्स-किरणांसाठी इंदूरचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन. दोन्हीकडे प्रस्ताव लिहावा लागतो, तिथल्या शास्त्रज्ञांशी आधी बोलावं लागतं, आणि आकड्यांवर मॉडेल बसवायचं काम त्यांच्यासोबतच करायचं असतं. वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्याशिवाय तिथे जाऊ नका. ओल्या जीडीएलने लावलेल्या जेलवर यंत्राचा मौल्यवान वेळ खर्च होणं हे सगळ्यांचंच नुकसान आहे.

आणि गेलात तर लागलेलं जेल सोबत नेऊ नका. कोकण रेल्वेत थिवीपासूनच ते मोडायला सुरुवात होईल. सुकी पूड न्या, जीडीएलची सीलबंद छोटी बाटली न्या, आपला इलेक्ट्रोड न्या, आणि जेल तिथे पोचल्यावर, तिथल्या खोलीचं तापमान लिहून, मोजायच्या पेटीतच लावा.